गीरची कांडी भरू का? खिल्लारसाठी एक खुलं पत्र

राज्याचं पशुधन धोरण ठरवणाऱ्या आणि ते गावोगाव राबवणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात आमची खिल्लार गाय चांदणी पहाटेच माजावर आली. वैरणीला तोंड लावेना, दाव्याला हिसके देत सारखी हंबरत होती. सकाळी फोन लावला. दुपारी चारच्या सुमारास रेतन करणारे भाऊ मोटारसायकलला नायट्रोजनची टाकी बांधून वस्तीवर आले. झाकण उघडलं तसा पांढरा धूर निघाला. चिमट्यानं त्यांनी एकेक कांडी, म्हणजे गोठवलेल्या रेताची नळी, वर उचलून बघितली. एचएफ, जर्सी या विदेशी जातींची होती, म्हशीसाठी मुऱ्हा होती, गीरही होती. खिल्लारची नव्हती.

"ताई, गीरची कांडी भरू का? तीही देशीच की."

मी नको म्हटलं. त्या भाऊंवर माझा राग नाही, दवाखान्यातून जे मिळतं तेच घेऊन ते फिरतात. पण "तीही देशीच की" हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आमची खिल्लार दुष्काळात टिकली, ट्रॅक्टर आल्यावरही टिकली. या वाक्यापुढे मात्र ती टिकेल असं मला वाटत नाही, म्हणून हे पत्र.

मी आटपाडी तालुक्यातली. लग्न होऊन या वस्तीवर आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा सासऱ्यांच्या दावणीला चार खिल्लार गाई होत्या. आज दोन आहेत, चांदणी आणि तिची आई. पलीकडच्या शेडमध्ये दोन संकरित गाईही आहेत, आणि ते लपवायचं काही कारण नाही. पोरांच्या कॉलेजच्या फिया त्यांच्याच दुधावर भरल्या. टेंभू योजनेचं पाणी आल्यावर आमच्याकडे ऊस आला, हिरवा चारा आला, तेव्हा त्या आल्या. त्यांची निंदा करणारं पत्र तुम्हाला वाचायचं असेल, तर ते माझ्याकडून येणार नाही.

पण खिल्लारचं काम निराळं आहे, आणि तेच तुमच्या कागदांवर कुठं दिसत नाही.

शहरातून आलेल्या पाहुण्याला ती फक्त पांढरी गाय दिसते. सासरे मला बघायला शिकवायचे. लांब, निमुळतं तोंड. कपाळाच्या मधोमध खाच. शिंगं मुळाशी एकमेकांना जवळ, तिथून मागं जाऊन धनुष्यासारखी वर वळलेली. अंग आवळ, कातडी इतकी घट्ट की चिमटीत धरावी तर सुटते. गळ्याखालची पोळी, म्हणजे लोंबती कातडी, बेताचीच. खूर काळे नि टणक, शेपटीचा गोंडा काळा. खोंड वयात येऊ लागला की खांद्यावर आणि मागल्या अंगाला काळसर झाक येते. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या टाळूवर तांबूस, विटकरी छटा असते, दोन-तीन महिन्यांत ती आपोआप जाते. माझा थोरला चार वर्षांचा असताना त्यानं एका वासराचं डोकं अंगाचा साबण लावून घासलं होतं. मातीत लोळलंय असं त्याला वाटलं. छटा काही गेली नाही, साबणाची वडी मात्र गेली.

दुधाचं म्हणाल तर एका वेताला सरासरी चारशे लिटरच्या आतबाहेर. तेवढं दूध आमची संकरित गाय महिन्याभरात देते. मग खिल्लार ठेवायची कशाला? खोंडासाठी. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या खडकाळ मुलखात, कोरड्या कडब्यावर राहून दिवसभर झपाझप चालणारा बैल हे खिल्लारचं उत्पन्न. सासऱ्यांच्या वडिलांच्या काळी मोटेला हेच बैल. पुढं नांगराला, गाडीला हेच. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालखी रथापुढं जी पांढरीशुभ्र जोडी तुम्ही टीव्हीवर बघता, तीही खिल्लारच. या घरातली निम्मी विहीर एका खोंडाच्या पैशातून बांधली आहे. घरात मुलगा-मुलगी समान म्हणणारी मी, गोठ्यात मात्र खोंडाचीच वाट बघते.

खिल्लार या शब्दाचा अर्थच मुळी गुरांचा कळप. धनगर आणि थिलारी ही कळप घेऊन फिरणारी माणसं, त्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणली. म्हैसूरकडच्या हल्लीकर आणि अमृतमहाल गुरांशी तिचं नातं सांगतात, आणि शिंगं बघितली की ते पटतंही. जुन्या वर्णनांत तिचे चार प्रकार येतात. आमच्या आटपाडी महालातली हणम खिल्लार (हा महाल तेव्हा औंध संस्थानात होता), माणमधली म्हसवड खिल्लार, लांब तिकडं तापीच्या खोऱ्यातली थिल्लारी, आणि चौथ्या प्रकाराचं नावच 'नकली'. तापीकडच्या जनावरांची नाकपुडी आणि खूर गाजरी असतात, आमच्याकडे काळे. हे बारकावे न दिसणाऱ्या माणसाला गीर आणि खिल्लार सारखीच वाटली तर नवल नाही.

आणि ही जात टिकवली कुणी? कुठल्या सरकारी पैदास केंद्रानं नाही, यात्रांनी. खरसुंडीची पौषातली यात्रा, करगणीची शिवरात्र, पुसेगाव, म्हसवड, सोलापूरचा गड्डा, कार्तिकीला पंढरपुरात भरणारा बाजार, सांगोल्याचा रविवार. टॉवेलाखाली दोन हात जातात, बोटं दाबली जातात, तोंडानं एक आकडा न बोलता सौदा होतो. घेणारा आधी खोंडाला चालवून बघतो, मग खूर, मग दात. आदत (अजून दुधाचेच दात असलेला) आहे का दुसा (दोन कायमचे दात आलेला), हे जबडा उघडून ठरतं. ज्याच्या खोंडाला भाव आला त्याची गाय कोणती, कुणाच्या वळूनं भरली, ही चौकशी त्याच पालात होते. पुढच्या वर्षी चार जण आपापल्या गाई त्याच वळूकडं नेतात. निवड पैदाशीचा हा आमचा जुना शिरस्ता. त्यात रजिस्टर नव्हतं, पण हिशेब चोख होता.

आता तक्रारी सांगते.

पहिली तुमच्या "देशी" या शब्दाविषयी. ३० सप्टेंबर २०२४ रोजी शासनानं देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केलं. त्या निर्णयात मराठवाड्याची देवणी, लालकंधारी, पश्चिम महाराष्ट्राची खिल्लार, उत्तर महाराष्ट्राची डांगी, विदर्भाची गवळाऊ अशी नावं घेतली होती. वाचून मला खरोखर आनंद झाला. पण निर्णयातली ही पाच नावं खाली येईपर्यंत गळून जातात आणि उरतो एकच शब्द, देशी. मग गुजरातेतली गीर, पंजाबातली साहिवाल आणि आमची खिल्लार एकाच पिशवीत. गीर उत्तम गाय आहे, तिच्या मुलखात तिला कुणी बोट लावू नये. पण खिल्लारला गीरची कांडी भरली की काय होतं ते आमच्या शेजारी बांधलेलं आहे. कान लोंबते, शिंगं ना वर ना मागं, कातडी सैल. ती कालवड पहिल्या वेताला पाच लिटरांवर गेली नाही, आणि तिचा भाऊ औताला जुंपला तर दुपारी बारालाच जीभ काढतो. दूधही नाही, बैलही नाही. एचएफचा संकर निदान ओळखू तरी येतो. हा संकर कागदावर "देशी"च राहतो, त्यामुळं नुकसान झालंय हेच कुठं उमटत नाही.

खिल्लारच्या रेतमात्रा तयारच होत नाहीत असं मी म्हणत नाही. होतात, हे मला ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच की माज अठरा-वीस तासांचा असतो, आणि त्या वेळेत ती कांडी माझ्या वस्तीवर पोहोचत नसेल, तर ती मोठ्या शहरातल्या टाकीत असून मला उपयोग काय? त्या संध्याकाळी आम्ही चांदणीला पिकअपमध्ये चढवलं आणि पस्तीस किलोमीटरवर एका वळूवाल्याकडं नेलं. पोहोचेपर्यंत रात्र झाली. गाय उलटली, म्हणजे गाभ राहिली नाही. एकवीस दिवसांनी पुन्हा पिकअप, पुन्हा उलटली. तिसऱ्या खेपेला गाभ राहिली. तीन भाडी, तीन वेळा वळूचे पैसे, आणि दर खेपेला घरातल्या एका माणसाचा दिवस. एवढा खटाटोप करणारी मी एकटी वेडी. शेजारचे तीन जण "जाऊ दे, भर गीर" म्हणून मोकळे झाले. त्यांना दोष कसा देऊ?

पूर्वी गावात देवाला सोडलेला वळू असायचा. कुणाच्याही शेतात शिरला तरी त्याला काठी मारत नसत. आता तो नाही, आणि चांगला वळू स्वतःच्या पैशानं सांभाळणं एका शेतकऱ्याला झेपत नाही. पेंड, भरडा, सांभाळायला माणूस, आणि वर दावं तोडून कुणाच्या डाळिंबाच्या बागेत गेला तर भांडण वेगळंच.

लिंगनिश्चित कांड्यांचाही मोठा गाजावाजा चालू आहे. भरली की शंभरातल्या नव्वद कालवडीच. दुधाच्या गाईसाठी झकास योजना, मी स्वतः संकरित गाईला ती कांडी वापरली आहे. पण खिल्लारचा सगळा व्यवहार खोंडावर चालतो हे माहीत असलेल्या कुणीतरी ही योजना इथं जशीच्या तशी लावण्याआधी एकदा विचार करायला हवा होता.

आता पैशाचं. त्याच २०२४ साली गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपये अनुदान मंजूर झालं. महिन्याला दीड हजार. भाकड, सोडून दिलेल्या गाईंची सोय व्हायलाच हवी, गोशाळांबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही. त्याच वर्षी दुधाला लिटरमागं आधी ५ आणि मग ७ रुपये अनुदान आलं, तेही डेअरीला घालणाऱ्यांना. आता माझी चांदणी बघा. ती गोशाळेत नाही, आणि तिचं दूध वासरू पिऊन जे उरतं ते चहापुरतं. म्हणजे जी गाय दर दीड-दोन वर्षांनी एक शुद्ध खिल्लार वासरू जगात आणते, तिच्यासाठी दोन्हीकडं शून्य. मी तिला उद्या सोडून दिली आणि ती एखाद्या गोशाळेत पोहोचली, तर त्याच दिवसापासून तिच्या नावानं ५० रुपये सुरू होतील. हा हिशेब कुणी मांडून बघितला होता का?

कानातल्या बिल्ल्याची गोष्ट त्याहून छोटी, पण मला सगळ्यात जास्त तीच लागली. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री, वाहतूक बंद झाली. चांगलं झालं. आमच्याकडं बिल्ले मारायला आलेल्या मुलानं मोबाईलवर चांदणीची माहिती भरली आणि जातीच्या रकान्यात "गावठी" टाकलं. मी म्हटलं, अरे खिल्लार आहे ही, शिंगं बघ की. तो म्हणाला, "काकू, काय फरक पडतो, लस तर दिली ना?" त्याला दिवसात शंभर जनावरं उरकायची होती. दोनदा सांगूनही नोंद तशीच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत जातनिहाय मोजणी होणार असं वाचलं. ज्या राज्यात खिल्लारला गावठी लिहितात, तिथं उद्या खिल्लारचा आकडा कमी आला की त्याचं खापर आमच्यावर फोडू नका.

यात्रांविषयी लिहायला बसले तर दुसरं पत्र होईल. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीमुळं बाजार, यात्रा, शर्यती सगळं बंद झालं. ते बरोबरच होतं, आमच्या भागातही जनावरं गेली. पण विकायला तयार केलेले खोंड तसेच दावणीला राहिले आणि वैरण खात राहिले, त्याची विचारपूस कुणी केली नाही. यात्रा पुन्हा सुरू झाल्या, सोयी मात्र होत्या तशाच. यंदा आमच्या भागातल्या एका यात्रेत पाण्याचा टँकर दुपारी एकला आला. जनावरं उतरवायला धक्का नाही. पिकअपमधून उडी मारताना आमच्या भावकीतल्या एका आदत खोंडाचा पाय मुरगळला. वर्षभर अंगावर हात फिरवून, भरडा चारून तयार केलेला खोंड. तीन दिवसांत अकरा गिऱ्हाइकं आली, चालवून बघितला, लंगडतो म्हणून निघून गेली. डॉक्टरांचा तंबू होता, त्यात उद्घाटनाच्या दिवशीचा हार लटकत होता.

शर्यतींचंही बोलते, नाहीतर म्हणाल बाई सोयीचं तेवढंच बोलली. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालानं बैलगाडा शर्यती बंद झाल्या, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. बंदीच्या काळात खोंडांचे भाव पडले आणि गोठे मोकळे झाले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. शर्यत परत आली तसा पैसाही आला. पण तो पैसा पळणाऱ्या दहा-वीस बैलांभोवतीच फिरतो. लाखांनी बोली लागते ती बैलाला, त्या बैलाची आई मात्र कुठल्या वस्तीवर कडबा चघळत असते हे कुणी विचारत नाही. शिवाय सगळे जण फक्त वेगासाठीच वळू निवडायला लागले तर ओढकाम करणारा, शांत डोक्याचा खिल्लार दहा वर्षांनी मिळणार नाही. आमच्या यांना हे पटत नाही. घरात यावरून वाद आहे, तो असू दे.

२०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर म्हाताऱ्या बैलाचं काय करायचं, हा प्रश्नही दावणीला उभाच आहे. कायदा बरोबर की चूक या वादात मला पडायचं नाही. तो बैल शेवटपर्यंत सांभाळायचा खर्च मात्र माझ्या घरातून जातो, एवढंच नोंदवून ठेवते.

तर आता मागण्या. फार नाहीत, आणि मला वाटतं अवघडही नाहीत.

आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर, माण, खटाव, सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर हा खिल्लारचा घरचा मुलूख. इथल्या प्रत्येक जनावरांच्या दवाखान्यात खिल्लारच्या साध्या, लिंगनिश्चित न केलेल्या कांड्या बारा महिने हव्यात, आणि त्या कोणत्या वळूच्या, त्याची आई कोणती, हे मालकाला सांगता आलं पाहिजे. एकाच वळूच्या कांड्या दहा वर्षं सगळ्या तालुक्याला पुरवू नका, नाहीतर बाप-लेकीची गाठ पडेल.

या मुलखात खिल्लार गाईला दुसऱ्या जातीची कांडी भरण्याआधी, मग ती जात देशी असो की विदेशी, मालकाला स्पष्ट सांगा आणि त्याची सही घ्या. ज्याला भरायची त्यानं खुशाल भरावी. पण "तीही देशीच" असं सांगून भरू नका.

पाच-सहा गावांमागं एक पारखून निवडलेला वळू, आणि तो सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला दरमहा खर्च. रोगांच्या तपासण्या तुमच्याकडं, सांभाळणं आमच्याकडं.

गोशाळेतल्या गाईला जे मिळतं ते घरी विणाऱ्या खिल्लार गाईलाही मिळावं. रोज देणं जमत नसेल तर वेताला एकदा द्या, वासराची नोंद झाल्यावर. फुकट मागत नाही, वासरू दाखवून मागते.

बिल्ल्यावरची जात दुरुस्त करून द्या. ज्यांना जात ओळखता येते अशी माणसं गावोगाव आहेत, यात्रेत दात बघणारे म्हातारे आहेत, त्यांना सोबत घ्या. आणि त्याच नोंदीत आई-बापाचा रकाना भरा.

यात्रेला पाणी, सावली, चढ-उताराचा धक्का आणि तीनही दिवस हजर असणारा डॉक्टर. यात्रा बंद ठेवायची वेळ आलीच तर महिनाभर आधी कळवा.

एवढंच.

चांदणी बेंदराच्या सुमाराला व्यायची आहे. खोंड झाला तर आमचं आम्ही बघू, त्याला गिऱ्हाईक मिळेल. कालवड झाली, तर ती पहिल्यांदा माजावर यायला अडीच-तीन वर्षं लागतील. त्या दिवशी मी पुन्हा फोन करीन. तोवर त्या टाकीत खिल्लारची एक कांडी ठेवायची व्यवस्था करा.

आपली,
खिल्लार गाई सांभाळणारी एक शेतकरी बाई
तालुका आटपाडी, जिल्हा सांगली